हिरवा अजून चालू आहे

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण उजेड पाडणे हे माझे काम नाही. त्यासाठी आमच्या वेस्ट हार्लो गावच्या सभागृहात छताला पुष्कळ नळ्या लावलेल्या आहेत. माझे काम बोलणाऱ्याला वेळेवर गप्प करणे. हिरवा लागला की बोला, पिवळा लागला की आवरते घ्या, आणि लाल लागला की तोंड बंद. या कामात मी कधी कुणाची भीड ठेवली नाही.

माझा जन्म शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत झाला. वादविवाद शिकवणाऱ्या अल्डेन व्हिटकॉम्ब सरांनी मला मुलांकडून बनवून घेतले. पेटी मेपलच्या लाकडाची. लाल काच ओंडके वाहणाऱ्या ट्रकची, पिवळी बर्फ हटवणाऱ्या गाडीची आणि हिरवी कुणाच्या तरी मोडक्या मोटरबोटीची. सरांनी तारा जोडून मला पहिल्यांदा पेटवले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मी थोडा शेफारलो, हे कबूल करतो.

पुढे कितीतरी वर्षे मुले माझ्यासमोर उभी राहून घाम पुसत बोलायला शिकली. शाळेला बक्षिसे मिळाली. सर माझ्या पेटीवर थाप मारून म्हणायचे, "निम्मं बक्षीस याचं!" मग सर निवृत्त झाले. शाळेत आकडे पळवणारा एक चकचकीत पडदा आला, आणि माझी रवानगी सभागृहाच्या कपाटात झाली. तिथे घडीच्या खुर्च्या होत्या आणि गावजेवणाला बीन्स शिजवायची मोठी पातेली होती. त्यांना वर्षातून चार वेळा तरी बाहेर काढत. मला कुणीच काढत नसे, आणि त्याचे मला फार वाईट वाटे.

मला त्या कपाटातून बाहेर काढले जिनेट फोर्टिएने. जिनेट सरांची जुनी विद्यार्थिनी, आता आमच्या डोंगराळ भागातली जनावरांची डॉक्टर. साठीला टेकलेली, हाताने दणकट, बोलायला अघळपघळ. आमच्या भागातल्या इस्पितळाने बाळंतपणाचा विभाग बंद केला, आणि त्याच हिवाळ्यात तिची भाची ल्युसिल बर्फाने भरलेल्या घाटात, रुग्णवाहिकेतच बाळंत झाली. ल्युसिल वाचली. बाळ नाही वाचले.

त्यानंतर जिनेट इस्पितळाच्या बंद दारासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कुणाची गाय अडली तर मी अर्ध्या रात्री पोचते. आमच्या मुली अडल्या तर कोण पोचतं?" कुणीतरी ते मोबाइलवर टिपले आणि ते देशभर पाहिले गेले. असे विभाग बंद पडलेली गावे देशात शेकड्यांनी होती. तिथल्या लोकांनी जिनेटला उभे केले, तेही थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी! साध्या शाळा समितीवरही ती कधी निवडून आलेली नव्हती.

पक्षाचा एकच उमेदवार मतदानाने ठरायचा होता, आणि त्याआधीच्या जाहीर वादविवादात एकूण दहा इच्छुक होते. ज्याला पाठिंबा जास्त तो मंचाच्या मधोमध, आणि जिनेट अगदी कडेला, पडद्याला खेटून. या फेरीनंतर तिचा पाठिंबा पुरेसा वाढला नाही, तर पुढच्या मंचावर तिला जागा नव्हती. ती नसली की बाळंतपणाच्या विभागांचा प्रश्नही मंचावर नसणार होता, कारण बाकीच्या नऊ जणांनी त्याबद्दल कधी शब्दही काढला नव्हता. त्याचीच तिला काळजी होती.

एका उत्तराला एक मिनिट मिळे, म्हणून तिने मला सरावासाठी काढले आणि बटणे दाबायला व्हिटकॉम्ब सरांना बोलावले. सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी मी तिच्यावर तीन वेळा लाल झालो. तिला कुठलीही गोष्ट गोठ्याच्या दारापासून सांगायची सवय. आधी बर्फ किती पडला, मग रस्ता कसा होता, मग गाडी कुणाची होती.

"डॉक्टर, मिनिट संपलं आणि तुमची गाडी अजून सुरूही झाली नाही," ट्रेवर लँडिस म्हणाला. हा राजधानीतून आलेला तिचा सल्लागार. बुटांना बर्फ लागू नये म्हणून तो अंगणातून उड्या मारत यायचा.

"अरे, पण रस्ता सांगितल्याशिवाय कळणार कसं?"

"कळायला लोक थांबायला तर हवेत! त्यापेक्षा माझं ऐका. सिनेटर हॉलब्रुक सगळ्यांत पुढे आहेत. त्यांना झोंबेल असं काहीतरी बोला. ते चिडून तुमचं नाव घेतील. ज्याचं नाव घेतलं त्याला उत्तरासाठी अर्धं मिनिट मिळतं. नियमच आहे तसा."

सरावात सिनेटर झाली होती डॉट एन्सवर्थ, हार्डवेअरच्या दुकानाची मालकीण. नवऱ्याचा टाय गळ्यात अडकवून ती अशी ऐटीत उभी राहायची की खऱ्या सिनेटरने येऊन शिकावे. जिनेटने तिच्यावर तोंडसुख घेतले. सिनेटरचे पैसे काढले, बंगला काढला, केसांचा रंगसुद्धा काढला. डॉट गोड हसली.

"इथल्या एका मैत्रिणीच्या भावनांचा मी आदर करतो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आता जरा कामाचं बोलू या."

"डॉट, नाव घे की गं माझं!"

"मी बरी घेईन! तीस वर्षं सिनेटर आहे मी, काल नाही उगवले!"

सगळे खो खो हसले, ट्रेवर सोडून. दुसऱ्या संध्याकाळीही तेच झाले. जिनेट आणखी मोठ्याने बोलू लागली, आणखी चिडू लागली, आणि मी लाल होतच राहिलो. तिसऱ्या संध्याकाळी ती दिवसभर गोठे फिरून थेट सभागृहात आली. अंगात त्राण नव्हते. मी हिरवा लागलो तशी ती खालच्या आवाजात म्हणाली, "आमच्याकडचा बाळंतपणाचा विभाग बंद झाला. माझ्या भाचीचं बाळ रस्त्यात गेलं. सिनेटर, असे विभाग तुम्ही पुन्हा उघडणार का? हो की नाही?"

एवढे बोलून तिने डोनट उचलला.

मी हिरवाच होतो. डॉटने तोंड उघडले, मिटले, टाय सैल केला.

"आता... आता कुणी बोलायचं?"

"वेळ जिनेटचाच आहे," व्हिटकॉम्ब सर म्हणाले. "हिरवा अजून चालू आहे."

"मग बोल ना गं बाई काहीतरी! अशी काय बघतेस माझ्याकडे?"

जिनेटने डोनट खाली ठेवला. तिचा शीण कुठल्या कुठे पळाला होता. "सर, पुन्हा लावा," ती म्हणाली.

मित्रांनो, तोपर्यंत मी समजत होतो की माझा सगळा दरारा लाल काचेत आहे. माझा हिरवा एवढ्या मोठ्या सिनेटरला घाम फोडू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. खोटा सिनेटर का असेना!

ट्रेवर मात्र कपाळाला हात लावून बसला. "मिळालेला वेळ दुसऱ्याला द्यायचा? डॉक्टर, तिथं लोक एकेका सेकंदासाठी मारामाऱ्या करतात!"

"म्हणूनच. नऊ जण ओरडत असताना दहावीचं ओरडणं कुणाला ऐकू येणार आहे?"

मग ती गप्प राहण्याचा सराव करू लागली, आणि तो बोलण्याहून अवघड निघाला. तिची बोटे चुळबुळ करत, ओठ आपोआप हलत. सर सांगत, "रागानं बघू नकोस. आजारी गाय उठते का, हे बघतेस ना, तशी बघ." तिने सोडले नाही. रोज गोठ्यातून यायची, बूट झटकायची आणि माझ्यासमोर उभी राहायची. तिच्या त्या चिवटपणाचा मला अभिमान वाटू लागला.

वादविवादाच्या संध्याकाळी सगळे गाव सभागृहात टीव्हीसमोर जमले. सर मला मांडीवर घेऊन बसले होते आणि टीव्हीतल्या वेळेबरोबर माझी बटणे दाबत होते. बराच वेळ जिनेटला कुणी विचारलेच नाही. उमेदवार एकमेकांच्या बोलण्यात घुसत होते, आणि माझा लाल कुणीच जुमानत नव्हते. मग सूत्रसंचालकाने तिला हसत विचारले, राजधानीतल्या लोकांना तुम्ही कुठलं औषध द्याल? प्रेक्षक हसले. जिनेट म्हणाली, "जनावरांचं औषध मला ठाऊक आहे, राजधानीचं नाही. आरोग्याचं विचाराल तेव्हा बोलेन." आणि ती थांबली.

शेवटी आरोग्याचा प्रश्न आला. ती सरावात बोलली होती तेवढेच बोलली. मग तिने सिनेटर हॉलब्रुककडे वळून हो की नाही विचारले आणि म्हणाली, "माझा उरलेला वेळ तुमचा."

हिरवा. सिनेटरनी सूत्रसंचालकाकडे पाहिले. सूत्रसंचालकाने हातातल्या कागदांकडे पाहिले. हिरवाच. सरांचा अंगठा माझ्या पिवळ्या बटणावर आला.

"डॉक्टर फोर्टिए," सिनेटर म्हणाले, "हा प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे..."

"घेतलं! मेल्यानं नाव घेतलं!" डॉट खुर्चीवर उभी राहून ओरडली.

सिनेटर बोलत राहिले, लाल लागल्यावरही बोलत राहिले. नियमाप्रमाणे जिनेटला अर्धे मिनिट मिळाले. ती शांतपणे म्हणाली, "मी हो किंवा नाही विचारलं होतं. मला दोन्ही ऐकू आलं नाही. घरी बसून बघणाऱ्यांना आलं असेल, तर मला कळवा."

लोकांनी कळवले. पण ते जिनेटला नाही, वाहिनीला आणि सिनेटरना. गावागावांतून एकच विचारणा सुरू झाली. जिनेटचा पाठिंबाही वाढला, मात्र पुढच्या मंचासाठी लागतो त्याहून किंचित कमी पडला. ट्रेवर बर्फातून बूट भिजवत चालत आला आणि मान खाली घालून म्हणाला, "थोडक्यात गेलं हो, डॉक्टर." जिनेटने त्याला बीन्सची ताटली भरून दिली.

पुढच्या वादविवादाला मंचावर नऊच जण होते. जिनेट आमच्यात, घडीच्या खुर्चीवर बसली होती. तिचा चेहरा पाहवत नव्हता. सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगितले, "गेल्या वेळी डॉक्टर फोर्टिए यांनी एक प्रश्न विचारला होता. त्या आज इथं नाहीत, पण लोक आम्हाला तोच विचारताहेत. बाळंतपणाचे बंद पडलेले विभाग पुन्हा उघडायला कोण तयार आहे? हात वर करा."

एक हात वर गेला. मग दुसरा, मग चार-पाच एकदम. सिनेटर हॉलब्रुकनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि हात वर केला.

सभागृहात एकच गलका झाला. मागच्या रांगेत ल्युसिल बसली होती. ती ओंजळीत तोंड धरून रडत होती. जिनेट तिच्याजवळ गेली, तिला पोटाशी धरून उभी राहिली, आणि मग डोळे पुसून वळली.

"हात वर करायला काय जातंय?" ती म्हणाली. "आता तो खाली येऊ द्यायचा नाही. मतदानाला अजून दिवस आहेत आणि मी काही माघार घेतलेली नाही. सर, दिवा माझ्या गाडीत ठेवा."

मित्रांनो, आता मी तिच्या गाडीत पुढच्या सीटवर असतो आणि गावोगावच्या सभांत टेबलावर बसतो. चिखल उडतो, तारा ढिल्या होतात. तुमच्याही शाळेच्या कपाटात माझ्यासारखे कुणी पडून असेल. त्याला बाहेर काढा, काचा पुसा, तारा तपासा. आणि त्याचा हिरवा तुमच्यासाठी लागला की मनातले तेवढे बोला, विचारायचे ते नाव घेऊन विचारा, आणि उत्तर येईपर्यंत नजर हटवू नका.