सांडपाण्याची टाकी

कॅम्परच्या दारावर चिकटवलेली नोटीस साधना पगारेंनी दोनदा वाचली. 'सदर वाहनातून घाण पाणी गळत असल्याने रहिवाशांना त्रास होतो. रविवारपर्यंत वाहन आवाराबाहेर न हलवल्यास सोसायटी ते उचलून नेईल.' खाली चेअरमन चिंतामणराव यांची सही.

हा कॅम्पर म्हणजे जीपच्या मागे जोडायची चाकांवरची खोली होती. साधनाताईंनी तो निवृत्तीनंतर अंबडच्या एका वर्कशॉपमधून बांधून घेतला होता. देवळाली कॅम्पात तीस वर्षं गणित शिकवल्यावर त्यांना घरात बसायचं नव्हतं. दुसरं कारण म्हणजे त्यांच्या सासूबाई. फुलाबाई एक्याऐंशी वर्षांच्या. गुडघे गेलेले, त्यामुळे लॉजचे जिने आणि उकिडवं बसायचे संडास त्यांना जमत नसत. त्यांना सांची बघायची होती. मुलगा गेल्यापासून त्या एवढं एकच मागत होत्या. म्हणून कॅम्परमध्ये कमोड, धरायला दांडे आणि न्हाणीत स्टूल होतं. येत्या सोमवारी निघायचं ठरलं होतं.

साधनाताई नोटीस घेऊन चिंतामणरावांकडे गेल्या.

"विकून टाका ते, मॅडम," चिंतामणराव म्हणाले. "या वयात दोघी बायका कुठे फिरणार? आणि असलं पाणी आमच्या दारात नको."

"गळती आमची असेल तर मी बुजवीन," साधनाताई म्हणाल्या. "पण सोमवारी आम्ही आमच्या मर्जीनं निघू आणि परत आलो की गाडी इथंच लावू. ती जागा आमच्या खरेदीखतात आहे."

गळती खरंच आपली आहे का, हे त्यांना आधी बघायचं होतं. त्यांनी कॅम्परच्या सिंकमध्ये नीळ घातली, नळ सोडला आणि चटई टाकून गाडीखाली आडव्या झाल्या. पाच मिनिटांत टाकीच्या कोपऱ्यातून निळा थेंब पडला. मग दुसरा. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी साठवणारी ती टाकी चिरली होती. तिला धरणारा पट्टा सैल होऊन ती खड्ड्याखड्ड्याला आपटत राहिली असणार.

त्यांनी बाजारातून एम-सील आणून लावलं. दुसऱ्या दिवशी ते पापडासारखं सुटून आलं. पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. वर्कशॉपवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "त्या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही, मॅडम. नवीन टाकी करावी लागेल. महिना तरी धरा. साहेब असतील तर त्यांना फोन द्या, समजावून सांगतो."

"साहेब नाहीत. मला समजलं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फुलाबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. "चांदवडला झुंबर हाय ना," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीचा. द्राक्षाच्या फवारणीच्या टाक्या फुटल्या की समदे त्याच्याकडंच नेत्यात. त्या बी प्लास्टिकच्याच."

साधनाताईंनी पाना घेऊन टाकीचे नट सोडले. एक नट गंजला होता. तो निघेपर्यंत दोन बोटं सोलवटली. रिकामी टाकी जीपमध्ये टाकून शुक्रवारी सकाळी दोघी चांदवडला पोचल्या.

झुंबरचं दुकान कांद्याच्या चाळीला लागून होतं. त्यानं टाकी उलटसुलट करून पाहिली.

"ठेवून जा वहिनी. मंगळवारी देतो."

"सोमवारी निघायचंय. आणि मला हे शिकायचंय. वाटेत पुन्हा फुटली तर तुम्ही कुठे भेटणार?"

"चटका बसंल."

"बसू दे."

झुंबरनं मावशीकडे पाहिलं. फुलाबाई म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतो? ती शिकती म्हनती ना, शिकव."

मग त्यानं शिकवलं. "चीर पळती," तो म्हणाला. "आधी तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं. मग ती फुडं जात नाय." भोकं पाडून झाल्यावर चिरेच्या कडा कोरून घेतल्या. जुन्या फवारणीच्या टाकीची पट्टी कापली, कारण प्लास्टिकला प्लास्टिकच लागतं, तेही त्याच जातीचं. तापलेल्या लोखंडानं पट्टी आणि टाकी दोन्ही एकदमच वितळवून एकमेकांत मुरवायच्या होत्या. साधनाताईंचा पहिला सांधा फुगला, त्यात बुडबुडे धरले. झुंबरनं नुसतं तो कापून टाकायला सांगितलं. दुसरा सांधा वेडावाकडा आला. झुंबरनं त्यावर अंगठा दाबून पाहिला. "देखणा नाय, पण धरंल," तो म्हणाला. टाकीत पाणी भरून तिघं चहा प्यायले. पाणी गळलं नाही.

शनिवारी साधनाताईंनी टाकी परत बसवली, खाली जाड रबर घातलं, पट्टा आवळला. टाकी निळीच्या पाण्यानं काठोकाठ भरली आणि खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं.

रविवारी सकाळी चिंतामणराव चारपाच जणांना घेऊन खाली आले. कॅम्परच्या मागच्या चाकाशी ओल होती.

"बघा," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं."

साधनाताईंनी वर्तमानपत्र बाहेर ओढलं. कोरडं होतं. "आमच्या टाकीतलं पाणी निळं आहे," त्या म्हणाल्या. "हे निळं नाही." त्या ओलीच्या कडेनं चालत गेल्या, बाकीचे त्यांच्या मागे. ओल भिंतीच्या कडेनं जाऊन ए विंगच्या ड्रेनेजच्या झाकणापाशी पोचली. झाकणाच्या फटीतून पाणी वर येत होतं. ए विंगमध्ये चिंतामणराव राहत होते.

"ते प्लंबर बघेल," चिंतामणराव म्हणाले. "ठीक आहे, विषय संपला."

"नाही संपला. पहिली गळती आमची होती. ती मी कबूल केली आणि बुजवली. ही आमची नाही. नोटीस तुम्ही सगळ्यांच्या देखत चिकटवलीत, आता तिच्यावरच तसं लिहून द्या." साधनाताईंनी घडी केलेली नोटीस पुढे धरली.

"इतकं ताणायची काय गरज आहे, मॅडम?"

फुलाबाई काठी टेकत तिथवर आल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "आमचं पानी घान, हे मी ल्हानपनी लय ऐकलंय, दादा. तवा लिहून घ्यायची सोय नव्हती. आता माझी सून शिकलेली हाय. लिहा."

तिसऱ्या मजल्यावरच्या हर्षालीनं पर्समधून पेन काढून पुढे केलं. चिंतामणरावांनी भिंतीला कागद टेकवून दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. साधनाताईंनी त्या वाचल्या, तारीख घालायला लावली आणि कागद पुन्हा कॅम्परच्या दारावर, होता तिथेच चिकटवला.

सोमवारी उजाडताच टाकी रिकामी करून त्या निघाल्या. फाटकातून बाहेर पडताना कॅम्परचं एक चाक फुलझाडांच्या कुंडीला घासलं, पण साधनाताईंनी जीप थांबवली नाही. राहुडचा घाट उतरल्यावरच त्यांनी गाडी बाजूला घेऊन ते चाक तपासलं. दुपारी धुळ्याच्या पुढे एका ढाब्यामागे कॅम्पर उभा केला. फुलाबाईंनी दांडा धरून स्टुलावर बसत ऊन पाण्यानं अंघोळ केली. पाणी जपून वापरा, असं साधनाताई म्हणणार होत्या, पण म्हणाल्या नाहीत. त्या गाडीखाली वाकल्या आणि सांध्यावरून हात फिरवला.

"गळतंय का गं?" आतून फुलाबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मग अजून एक बादली घेते," फुलाबाई म्हणाल्या, आणि आत पुन्हा नळ सुरू झाला.