डोकं आणि मोळी यांच्या मधली

मी एक जुनी चुंबळ आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. डोक्यावर घागर किंवा लाकडाची मोळी घ्यायची, तर मधे कापडाचं एक गोल वेटोळं ठेवतात. ते वेटोळं म्हणजे मी. रायपूरच्या बाया मला गुडरी म्हणतात. माझं सगळं आयुष्य लोकांच्या डोक्यावर बसण्यात गेलं, पण कुणाच्या डोक्यावर मिरे मात्र मी वाटले नाहीत.

माझी एक खोड आधीच सांगून टाकते. वर ओझं आलं आणि खालचं माणूस चालू लागलं, की मी झुलते आणि माझा डोळा लागतो. त्या झोपेत खालच्या डोक्यातले विचार मला स्वप्नासारखे दिसू लागतात. भात शिजताना वास यावा, तसे ते आपोआप वर येतात. म्हणून मी सांगणार आहे ते ऐकीव नाही. डोकीव आहे म्हणा हवं तर.

माझा जन्म राजनांदगावचा. पद्मिनीबाईंचं एक हिरवं सुती पातळ होतं. त्यांची देवश्री तान्ही असताना त्याच पातळाची झोळी बांधून तिला निजवत. पोरगी मोठी झाली, पातळ विरलं. मग पद्मिनीबाईंनी त्याच्या पट्ट्या फाडल्या, पीळ दिला, एकीवर एक गुंडाळल्या आणि दाभणानं टाके घातले. नळ दोन गल्ल्या पलीकडे होता. सकाळ-संध्याकाळ माझ्यावर भरली घागर असे आणि खाली पद्मिनीबाईंच्या डोक्यात गाणी असत. "अशी चुंबळ मोहल्ल्यात कोणाकडे नाही," असं म्हणून शेजारणी मला उसनी नेत. मी फुगून जाई. पाण्यानं म्हणा, कौतुकानं म्हणा.

मग नवं राज्य झालं. पद्मिनीबाईंचे यजमान दिवाकरराव सरकारी कचेरीत बाबू होते, त्यांची बदली नव्या राजधानीत, रायपूरला झाली. शंकर नगरात क्वार्टर मिळालं. स्वयंपाकघरात नळ आणि ओट्यावर गॅस. नळ घरात आला आणि मी दारामागच्या खिळ्यावर गेले. तिथं एका पालीशिवाय कुणी माझ्याजवळ फिरकलं नाही. मी पुष्कळ झोपले, पण खाली डोकं नसलं की स्वप्नं पडत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी दसऱ्याला पद्मिनीबाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि झटकलं. देवश्री बाळंतपणाला येणार होती. मागच्या वर्षी तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. या खेपेला पद्मिनीबाईंनी मनाशी ठरवलं होतं, की लेकीला सव्वा महिना चुलीवरच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक द्यायचा. त्यात एका दिवसाचाही खंड पडू द्यायचा नाही. मागच्या अंगणात पत्र्याखाली त्यांनी चूल घातली.

दिवाकररावांना हे मुळीच रुचलं नाही.

"घरात गॅस आहे ना? मंग काहून लाकडं गोळा करून राहिली?"

"गॅसवर पाणी तापते, निखारे नाही भेटत. पोरीले शेक द्याचा आहे मले."

"अवं, राजधानी झाली आता. साहेब लोकांच्या गाड्या जातात या रस्त्यानं. बाबूची बायको डोक्यावर मोळी घेऊन चालली, असं म्हणतीन ते."

"म्हणू द्या. मोळी माझ्या डोक्यावर आहे, तुमच्या नाही."

शहरात रस्ते रुंद होत होते आणि त्यापायी झाडं पडत होती. खोडं ट्रकमधून जात; फांद्या, ढलप्या आणि साली मागे राहत. पद्मिनीबाई आधी विचारत, मगच उचलत. उभ्या झाडाची काडीसुद्धा त्यांनी कधी मोडली नाही. फुकट ते पौष्टिक म्हणून वाटेल ते उचलणाऱ्या त्या नव्हत्या. गुलमोहर नुसता भडकतो आणि विझतो, निखारा धरत नाही. रंग लावलेली फळी बाळाजवळ नको, तिचा धूर वाईट. बाभूळ मिळाली तर सोनं. मोळी वर येई, मी झुलू लागे आणि खालच्या डोक्यात मला दिसे ते वाफाळतं घंगाळ, लेकीची तेल लावलेली पाठ, आणि एक इवलं बाळ. त्या बाळाचा चेहरा मात्र दर वेळी धूसर असे. तो स्पष्ट पाहायला त्या घाबरत होत्या.

पौषात देवश्रीला मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या. "शेक दो, मगर खिड़की खुली रखना," असं नर्सदीदीनं बजावलं होतं, तेही पाळलं जात होतं. आठ दिवस चूल झकास पेटली. आठव्या रात्री मात्र मावठं कोसळलं. वाऱ्यानं पत्रा उडाला आणि तीन महिन्यांची लाकडं भिजून चिंब झाली. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, पण सुकं उरलंच नव्हतं. सकाळी चुलीतून धूर तेवढा निघाला. आत बाळाला ठसका लागला. पद्मिनीबाईंनी चुलीवर पाणी ओतलं, मला उचललं आणि त्या बाहेर पडल्या.

रस्त्यापलीकडे एक नवी इमारत उठत होती. तिथला चौकीदार हिरालाल ओळखीचा झाला होता. त्याच्या शेडमध्ये परांचीच्या उतरवलेल्या बांबूंचा ढीग होता. सगळे खडखडीत वाळलेले.

"ले जा दीदी, फोकट के हे. कोनो नइ पूछय," कुणी विचारणार नाही असं सांगत त्यानंच मोळी बांधून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

मला नवल वाटलं. एवढी मोठी मोळी आणि किती हलकी! पण खालचं डोकं इतकं जड मी कधी अनुभवलं नव्हतं. मित्रांनो, आपल्याकडे बांबू चुलीत घालत नाहीत. बांबू जाळला की वंश जळतो, असं म्हणतात. खरं-खोटं मला ठाऊक नाही, मी पडले चिंधी. पद्मिनीबाईंनाही ते पटत होतं असं नाही. 'लाकूडच तर आहे,' असं त्या स्वतःला समजावत चालल्या होत्या. दहा पावलं त्या तसंच म्हणत राहिल्या. मग मला मागच्या वर्षीची ती रिकामी झोळी दिसली, बांधून ठेवलेली आणि तशीच सोडलेली. पद्मिनीबाईंनी मोळी रस्त्याच्या कडेला उतरवली आणि त्या रिकाम्या हातांनी घरी आल्या.

दिवाकरराव डबा घेऊन कचेरीला निघत होते. पद्मिनीबाई दारापुढच्या ओट्यावर बसल्या, मला मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडल्या.

"नवव्याच दिवशी खंड पडला हो. बांबू भेटला होता, पण मले नाही आणवला."

दिवाकररावांनी चपलेत अंगठा घातला. मग त्यांनी पद्मिनीबाईंच्या मांडीवरून मला उचललं, डब्याच्या पिशवीत कोंबलं आणि निघून गेले. पोळ्यांच्या उबेत मला वाटलं, आता कुठल्या तरी उकिरड्यावर आपली गत होणार.

पिशवी उघडली तेव्हा मी त्यांच्या कचेरीच्या सायकल स्टँडमध्ये होते. कोपऱ्यात बाभळीची फोडलेली लाकडं रचलेली होती. साहेबांच्या गाडीला जागा हवी म्हणून उन्हाळ्यात तोडलेल्या झाडाची ती लाकडं, हाडासारखी वाळलेली. दिवाकररावांनी साहेबांना विचारलं होतं. "ले जाइए, जगह खाली होगी," एवढंच साहेब म्हणाले होते. रिक्षा शोधत बसले असते तर बाळंतिणीच्या आंघोळीची वेळ आणखी टळली असती. शिपायानं हात लावला, मला डोक्यावर ठेवलं, वर मोळी चढवली आणि इस्त्रीच्या शर्टातले दिवाकरराव भर दुपारी शंकर नगरच्या रस्त्यानं चालू लागले. मागून कचेरीतली माणसं पाहत होती. एकानं हाकही मारली, "अरे बड़े बाबू, ये क्या!"

हे डोकं मला नवं होतं. मला वाटलं, आता खालून लाज येईल, संताप येईल. पण मी झुलू लागले तेव्हा तिथं एकच वाक्य फिरत होतं: 'एवढं वजन ही रोज वाहत होती?' कचेरीपासून घरापर्यंत तेवढंच. मान वाकडी झाली तरी ते थांबले नाहीत.

मोळी अंगणात पडली. पद्मिनीबाई धावत आल्या आणि लाकडाला हात लावून म्हणाल्या, "बाभूळ! कुठं भेटली?"

"आमच्या ऑफिसात." दिवाकरराव खाली पाहत होते. "मले उन्हाळ्यापासून माहीत होतं. लाज वाटे, म्हणून नाही सांगितलं."

पद्मिनीबाईंनी पदरानं यजमानांच्या मानेवरचा घाम पुसला आणि चूल पेटवली. त्या दिवशी आंघोळ दोन तास उशिरा झाली, पण झाली. सव्वा महिन्यात खंड म्हणून पडला नाही.

शेवटच्या दिवशी न्हाणं उरकल्यावर उरलेल्या कढत पाण्यात पद्मिनीबाईंनी मला धुतलं. इतके दिवस लाकडं वाहिली, पण त्यांची ऊब मला पहिल्यांदाच मिळाली. तीन दिवस मी उन्हात वाळले. मग देवश्री म्हणाली, "आई, बेबीचं डोकं एका बाजूला कलंडून राहिलं बघ. काही गोल, मऊ आहे का?"

मित्रांनो, तुमच्या घरातही दारामागं एखादी जुनी चिंधी लटकत असेल. ती फेकायच्या आधी एकदा हातात घ्या आणि तिनं कुणाचं ओझं मऊ केलं ते विचारा. जमलं तर ते ओझं एक दिवस स्वतःच्या डोक्यावर घेऊन पाहा.

मी आता कुणाच्या डोक्यावर बसत नाही. माझ्यावरच एक डोकं असतं, मूठभर, तेलानं माखलेलं, वेखंडाच्या वासाचं. ते झोपलं की मीही झोपते. त्यात अजून विचार नाहीत, शब्द नाहीत. कधी कधी नुसता एक हिरवा रंग दिसतो आणि काहीतरी सावकाश झुलत असतं. आणि आता तिचा चेहरा मला अगदी स्पष्ट दिसतो.