झिल्फामावशीचा खडा

भर दुपारी ऊन रणरणत असताना जो स्कंक आरामात अंगणात चालत येतो, तो धड नसतो. रात्री हिंडणाऱ्या या मांजराएवढ्या जनावराला दिवसा अंगणात काय काम? लानो नदीकाठच्या गुरांच्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही कळतं. सात वर्षांच्या ऑर्फालाही कळत होतं. पण ती कोंबड्यांच्या खुराड्यात अर्धी आत शिरून अंडी चाचपत होती, आणि तसाच एक स्कंक मागून येऊन तिला चावला. तिनं किंचाळत हात झाडला, तरी ते काळंपांढरं जनावर मनगटाला लोंबकळतच राहिलं.

तिचा बाप, एसा ट्रॅमेल, पलीकडच्या कुंपणात वासराच्या जखमेतले किडे काढत होता. तो तसाच धावला, स्कंकचा जबडा फाकवून त्याला ओढून काढला आणि खांबावर आपटून मारला. ऑर्फाची आई लिओटा स्वयंपाकघरातून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंगणात भयंकर घाण वास सुटला होता आणि पोरीच्या मनगटावर दातांच्या चार खुणा होत्या. लिओटानं मनगट साबणानं घासलं, वर रॉकेल ओतलं. पोर ओरडली तशी ती तिच्यावरच खेकसली.

पिसाळलेल्या जनावराचा चावा काय करतो, हे लिओटानं ऐकलं नव्हतं, पाहिलं होतं. शेजारच्या मॅडॉक्सांच्या थोरल्याला असाच स्कंक चावला होता. जखम भरली, लोक विसरले, तो स्वतः त्यावर विनोद करू लागला. मग एका सकाळी कॉफीचा पेला तोंडाशी नेला आणि घोट काही उतरेना. पुढे पाणी नुसतं दिसलं तरी त्याच्या गळ्याला आकडी यायची. चौघांनी त्याला खाटेला बांधला, तेव्हा पाय लिओटानं धरले होते. तो गेला, तेव्हापासून त्या घराकडे ती बघत नसे.

"झिल्फामावशीकडे," एसा म्हणाला. "गाडी जुंपतो. तू पाणी आणि भाकरी घे."

"खडा इकडे मागवता नाही येणार?"

"खडा कुठे जात नाही, लिओटा. माणसानं खड्याकडे जायचं. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. झिल्फामावशीच्या नवऱ्यानं एकदा पांढरं हरीण मारलं होतं, त्याच्या पोटात तो खडा सापडला होता. विष ओढून घेतो म्हणतात. खरं किती नि खोटं किती, हे विचारायची ऐपत त्या दिवशी ट्रॅमेलांच्या घरात कुणाकडे नव्हती.

वाट दोन दिवसांची. रोग असा लगेच उठत नाही, महिना-दोन महिने दबा धरून बसतो, हेही लिओटाला ठाऊक होतं. पण भीतीला कुठे हिशेब कळतो? मैलभर गाडी गेली की ती पेला पुढे करायची.

"पाणी पी, ऑर्फा."

"आत्ताच प्याले ना!"

"एक घोट."

"आई, माझं पोट डचमळतंय. मला तहानच नाही."

तहान नाही म्हटल्याबरोबर लिओटानं पेला तिच्या ओठांना लावला. "पी म्हणते ना!"

"ऑर्फे, पिऊन टाक बाई," एसा पुढून म्हणाला, "नाहीतर तुझी आई घोड्यांच्या तोंडातलं काढून तुला पाजेल."

पोर हसली आणि प्याली. लिओटा तिच्या गळ्याकडे बघत राहिली. घोट खाली उतरताना दिसला, तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला. मग पुढचा मैल सुरू झाला.

झिल्फामावशी म्हणजे वाळलेल्या शेंगेसारखी म्हातारी. गालात तपकीर, अंगावर मेलेल्या नवऱ्याचा कोट. तिनं मनगट बघितलं, मग लिओटाकडे बघितलं.

"रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. खड्याला रडणं चालतं, मला चालत नाही."

"नाही रडत, मावशी."

"आणि ऐका. खडा विकायचा नाही, घराबाहेर न्यायचा नाही, आणि त्याच्या कामाबद्दल काही घ्यायचं नाही. पैसा नको, कोंबडी नको, शिवून आणलेलं पोलकं नको. काही आलं, की तो नुसता दगड. समजलं?"

खडा अक्रोडाएवढा, राखाडी, करपलेल्या पावासारखा भोकाभोकांचा. म्हातारीनं जखम खरवडून रक्त काढलं आणि तो वर ठेवला. तो जळूसारखा चिकटला. ऑर्फानं हात उलटा केला तरी पडेना.

"विष आहे म्हणायचं," मावशी म्हणाली. "बसा. आपोआप सुटेपर्यंत हात लावायचा नाही."

लिओटा बाकावर बसली. आतापर्यंत कुठेतरी तिला वाटत होतं, तो चिकटणारच नाही, मावशी हसून घालवून देईल.

मावशीनं मान वर केली. "तो स्कंक मारला कुणी?"

"मी," एसा म्हणाला.

"कशानं?"

एसानं हात पाठीमागे नेला.

"हात दाखव."

त्यानं उजव्या हातातला हातमोजा काढला. दोन दिवस तो मोजा त्यानं उतरवला नव्हता, जेवतानासुद्धा नाही, आणि लिओटाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. अंगठ्याच्या बुडाशी जखम होती, पोरीच्या जखमेपेक्षा खोल.

"एसा!" लिओटानं त्याचं मनगट पकडलं. "बोलला का नाहीस?"

"मावशीकडे दोन खडे आहेत का?" तो हळूच म्हणाला. "आधी पोरीचं होऊ दे. मग सांगणारच होतो."

लिओटाला त्याला मारावंसं वाटलं, मिठी मारावीशी वाटली. तिनं यातलं काहीच केलं नाही. ती खड्याकडे बघत बसली. आता एसासाठी तो लवकर सुटावा असंही तिला वाटत होतं आणि पोरीसाठी पुरतं काम करून सुटावा असंही. एकाच माणसानं दोन्ही मागणं किती वाईट, हे तिला त्या बाकावर कळलं.

ऊन कलल्यावर खडा आपोआप गळून पडला. मावशीनं तो दुधात उकळला. दूध हिरवट झालं.

"निघालं," ती म्हणाली. "पोर सुटली."

आणि इथं लिओटाकडून चूक झाली. मावशी ते दूध परसात पुरायला गेली, तेव्हा लिओटाचा ऊर भरून आला. उपकार घेऊन रिकाम्या हातानं निघायचं, हे तिच्या आईनं तिला शिकवलं नव्हतं. गाडीत रानप्लमच्या जॅमची बरणी होती. ती तिनं आणली आणि पिठाच्या डब्यामागे हळूच ठेवली. पैसा नाही, कोंबडी नाही. जॅमला कोण विचारतं?

मग खडा एसाच्या अंगठ्यावर ठेवला, आणि तो पडला. मावशीनं जखम पुन्हा खरवडली. रक्त आलं. खडा ठेवला. पुन्हा टेबलावर पडला.

"म्हणजे काय, मावशी?" एसानं विचारलं.

"एक तर तुझ्या अंगात विष नाही."

"नाहीतर?"

"नाहीतर खडा दमला. एका दिवसात दोन माणसं मी कधी आणली नव्हती त्याच्यापुढे. माझ्या म्हाताऱ्याला कळलं असतं. पण तो गेला, आणि मला सगळं सांगून गेला नाही. पुरुषांची जातच तशी."

लिओटा बरणीबद्दल बोलली नाही. रात्री तिघं तिथंच राहिली. पहाटे उठून तिनं बरणी परत गाडीत लपवली. उजाडल्यावर मावशीनं खडा पुन्हा लावला. तो पुन्हा पडला.

घरी आल्यावर ऑर्फा पूर्वीसारखी उंडारू लागली. एसा गुरं गोळा करायच्या कामाला लागला. फक्त रोज सकाळी, लिओटानं काही न म्हणता, तो हौदातून पेलाभर पाणी काढायचा, तिच्यासमोर गटागटा प्यायचा आणि पेला उलटा करून दाखवायचा.

"झालं समाधान, सरकार?"

"तोंड पूस," ती म्हणायची. मग दिवसभर तिला काम सुचायचं. पण संध्याकाळ झाली की पुन्हा तिचं धाबं दणाणायचं. बरणी तिनं लाकडांच्या ढिगामागे टाकून दिली होती. तिकडे नजर गेली की हातातलं लोणी घुसळायचं राहून जायचं.

गवत पिवळं पडू लागलं होतं. एका सकाळी ती उठली तर अंथरुणात एसा नव्हता. त्याचा घोडा नव्हता. हौदाच्या कडेवर पेला पालथाच होता, कोरडा.

ऑर्फाला कोंबड्यांजवळ बसवून तिनं दुसऱ्या घोड्यावर खोगीर टाकलं आणि पाण्याचा डबा बांधला. ती कधी इतक्या जोरात दौडली नव्हती. ओढ्याच्या वळणाशी तिला तो सापडला. गुरं पाण्यात उतरून पीत होती, आणि तो त्यांच्याकडे पाठ करून दगडावर बसला होता.

"एसा, न पिता का आलास?"

"घाई होती."

"खोटं बोलू नकोस."

त्यानं टोपी काढली. चेहरा राखेसारखा झाला होता. "घसा कोरडा पडलाय. काल धूळ फार होती, त्याचाच असेल. पण पेला हातात घेतला आणि छाती झाली नाही. वाटलं, उतरला नाही तर? तू आणि पोर तिथंच असता." तो थांबला. "तुला वाटतं मी रोज तुझ्यासाठी पितो? मला तुझ्याहून जास्त भीती वाटते, लिओटा. रोज. डोळे उघडल्याबरोबर."

ती त्याच्या शेजारी बसली. आता न सांगणं शक्य नव्हतं.

"मी मावशीच्या घरात जॅम ठेवला होता," ती म्हणाली. "तुला खडा लावायच्या आधी. पिठाच्या डब्यामागे. म्हणून चिकटला नाही तो. माझ्यामुळे."

एसा तिच्याकडे बघत राहिला. "जॅम?"

"रानप्लमचा."

"तो आंबट?" त्याला हसू फुटलं. हसता हसता घसा अडकला, तो खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत दोघांपैकी कुणाच्याही जिवात जीव नव्हता. मग तिनं डब्याचं झाकण उघडलं. आधी स्वतः एक घोट घेतला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. डबा त्याच्या हातात दिला.

डबा तोंडाशी नेताना पाणी त्याच्या गुडघ्यांवर सांडलं. तो पाण्याकडे बघत राहिला. लिओटानं त्याचे पाय धरले. मॅडॉक्सांच्या पोराचे धरले होते, तसे. मग त्यानं डोळे मिटले आणि तो प्यायला.

घोट उतरला. तिला दिसला. दुसराही उतरला.

एसानं बाहीनं तोंड पुसलं, आणि मग डोळेही.

"लिओटा," तो म्हणाला, "उद्या सकाळी माझ्याआधी ऊठ. मला एकट्याला पेला उचलायला लावू नकोस."