कानाला लावलेला हात

ट्रान्झिस्टरच्या पाठीचं झाकण नागनाथनं अंगठ्यानं सरकवलं, तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सरजाबाईच्या घरी सोबतीला राहणारी सुलाबाई चुलीपाशी होती आणि बाहेर ओसरीवर गल्लीतल्या बायका सतरंजी कुठं अंथरायची यावरून हुज्जत घालत होत्या. आत चार सेल ओळीनं बसलेले होते. त्यातला एक काढून खिशात टाकायचा, झाकण लावायचं आणि साडेनऊला बटण फिरवून चारचौघांसारखं हळहळायचं, की काय हे, नेमका आजच बंद पडला! गंगाखेडच्या त्या गल्लीत दुसरा रेडिओ नव्हता. एवढं एक पाप केलं की दुसरं झाकलं जाणार होतं.

"काय करायलाव, मास्तर?" सुलाबाई पदराला हात पुसत दारात उभी होती.

"सेल बघायलोय. हे ऐन टायमाला दगा देतात."

"अवो, कोरे करकरीत हायेत. काल सरजाबाई सोता बाजारात जाऊन घेऊन आल्या, एवढ्या उन्हाचं. मनल्या, माझ्या नागूचं वाजवणं जुन्या सेलवर नको."

नागनाथनं झाकण मुकाट्यानं लावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर भर सकाळचं ऊन पडलं होतं.

नागनाथ आश्रुबा साळवे, राहणार पेडगाव, वय एकतीस, हातात क्लॅरोनेट. परभणी जिल्ह्यात त्याला ओळखत नाही असा मांडव नसेल. लग्नसराईत तो बँडमध्ये लाल कोट घालून वरातीपुढं वाजवायचा. एप्रिलात भीमजयंतीच्या गायन पार्टीत, उरुसात कव्वालांच्या मागं, सप्ताहात भजनाला, जत्रेत फडावर लावणीला. आणि कुठं एखादा जाणकार भेटला, तर मांडी घालून तासभर यमनही वाजवायचा, असा की ऐकणाऱ्याचा चहा निवून जावा. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं त्याचा साडू म्हणायचा. साडूला सूर आणि सुपारी यांतला फरक कळत नव्हता, तरी ते बोलणं नागनाथला लागायचं. कारण सगळीकडं त्याला बोलावणं होतं, पण बसायला जागा कुठंच नव्हती. भजनवाले म्हणत हा फडावरचा, फडावरचे म्हणत हा पंडित, आणि पंडित म्हणत हा बँडवाला.

बसायची गोष्ट त्याच्या बापानं काढलेली. आश्रुबाचा जन्म हलगी वाजवण्यात गेला, गावातल्या प्रत्येक दारापुढं, उभ्यानं. छप्पन साली धम्म घेतला त्या दिवशी त्यानं हलगी जी खुंटीला टांगली, ती पुन्हा उतरवली नाही. पोरानं क्लॅरोनेट धरलं तेव्हा म्हातारा तीन दिवस बोलला नाही आणि चौथ्या दिवशी एवढंच म्हणाला, "वाजवायचंच असंल तर बसून वाजव. उभ्यानं लय वाजवलं आपण."

बसून वाजवायला त्याला शिकवलं सरजाबाईनं. निजामाच्या राज्यात जहागीरदारांच्या बैठकीत गायलेली बाई. राज्य गेलं, जहागिऱ्या गेल्या, बाई गंगाखेडला गोदावरीच्या काठी दोन खोल्यांत येऊन राहिली. एकोणीस वर्षांचा नागनाथ तिच्या दारात उभा राहिला, तेव्हा तिनं ना जात विचारली, ना गाव. म्हणाली, "आत ये. भाईर उभं ऱ्हाऊन सूर लागत न्हाई."

सा लावायच्या आधी तिनं त्याला एक गोष्ट शिकवली. आपल्या गुरूचं नाव घेतलं की उजवा हात कानाच्या पाळीला लावायचा. तिच्या उस्तादांचं नाव निघालं, की म्हातारीचा हात भाकरी थापता थापतासुद्धा कानाशी जायचा आणि पाळीला पीठ लागायचं. ख्याल तिनं दिला, ठुमरी दिली, गजल दिली, लावणी आणि भजनही तिनंच दिलं. "सूर काय टोपी बघून डोक्यावर बसतो का रे?" असं म्हणायची. बारा वर्षं नागनाथ आगगाडीनं गंगाखेडला जात होता. तो गात नव्हता, पण ती गायची तसं तो फुंकायचा, आणि म्हणून लोक म्हणत, याचं क्लॅरोनेट बोलतं.

आणि मग चौऱ्याहत्तर साली परभणीच्या रेडिओवरून त्याला बोलावणं आलं. रागदारीपासून लावणीपर्यंत सगळं वाजवणारा कलाकार म्हणून अर्धा तास, मधूनमधून गप्पा. बसून वाजवायचं, गालिच्यावर. बाप हयात असता तर त्यानं सबंध पेडगाव गोळा केलं असतं.

ध्वनिमुद्रणाला निवेदक भगवानराव होते, अगदी सज्जन माणूस. यमन झाला, गप्पा सुरू झाल्या आणि त्यांनी साध्या कौतुकानं विचारलं, "एवढं सगळं तुम्ही शिकलात तरी कुणाकडं?"

उत्तर जिभेवर होतं. पण त्याच घटकेला नागनाथला बोरीचं ते बारसं आठवलं. बड्या घरची बैठक, त्यानं राग मांडलेला, आणि कुणीतरी हाच प्रश्न केलेला. त्यानं सरजाबाईचं नाव सांगताच तक्क्याला टेकलेला एक जण दुसऱ्याला कोपर मारून म्हणाला होता, "आसं का! मंग राग कशाला, लावणीच होऊ द्या की." हशा झाला होता आणि त्यानं निमूटपणे लावणी वाजवली होती. आता तर सगळा जिल्हा ऐकणार होता, मास्तर, वकील, डॉक्टर, साडूसुद्धा.

"नांदेडचे पंडित व्यंकटराव," नागनाथ म्हणाला. "तेच माझे गुरू."

पंडितजींच्या उन्हाळी शिबिरात तो एकदा पंधरा दिवस गेला होता, मागच्या रांगेत. त्यांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. ते त्याला 'क्लॅरोनेटवाले' म्हणत. पण नाव असं स्वच्छ, धुतलेल्या धोतरासारखं! आणि ते नाव घेताना त्याचा उजवा हात आपसूक वर गेला आणि कानाच्या पाळीला लागला. खोट्या नावासाठी. भगवानरावांना ते फार आवडलं, ते मान हलवून हसले.

केंद्राच्या फाटकाबाहेर आल्यावर नागनाथला आपण काय केलं ते उमगलं. जन्मावरून माणसाची किंमत करणाऱ्यांना शिव्या घालत तो लहानाचा मोठा झाला होता. आणि जिनं त्याला आत ये म्हटलं होतं, तिलाच त्यानं आज बाहेर उभं केलं होतं.

"मास्तर, चला की भाईर, टाइम झाला," सुलाबाईनं ट्रान्झिस्टर उचलला.

ओसरीवर पंधरावीस बायाबापड्या जमल्या होत्या. मधोमध सरजाबाई बसली होती, ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. असं ती बैठकीला बसायची, असं त्यानं नुसतं ऐकलं होतं. गेल्या गेल्या तिनं त्याच्या हातावर साखर ठेवली.

"नागू, असा म्होरं बस. आज तू ऐकायचं, लपून ऱ्हायचं न्हाई."

"माय, मला जरा बोलायचं होतं..." तो म्हणाला. खरंच म्हणाला. एवढं एक त्याच्या बाजूनं सांगता येईल.

"मागून बोल. आता गप."

यमन सुरू झाला. सरजाबाईनं डोळे मिटले. वरच्या षड्जावर तो किती थांबलाय हे ती बोटांवर मोजत होती, आणि सूर सुटला तशी "हं" म्हणाली. बारा वर्षांत असा 'हं' त्याला चार-पाचदाच मिळाला असेल. कडूबाई नावाची एक शेजारीण लगेच म्हणाली, "सरजाबाई, तुमच्यावानीच की वो!" म्हातारी गालात हसली. तिचा उजवा हात गुडघ्यावर ताल धरून होता.

मग भगवानरावांचा आवाज आला. प्रश्न आला. बायका सरसावून बसल्या आणि सगळ्यांनी एकदमच सरजाबाईकडं पाहिलं. तिनं पदर नीट केला.

"नांदेडचे पंडित व्यंकटराव. तेच माझे गुरू."

कडूबाईनं एकदा रेडिओकडं बघितलं, एकदा नागनाथकडं. सुलाबाईचा हात बटणाकडं गेला आणि तसाच मागं आला. नागनाथला वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं, आणि धरणी काही घेत नव्हती. रेडिओत ठुमरी सुरू झाली, तिनं दिलेली. मग लावणी, तिचीच. शेवटी भजन, तेही तिचंच. आणि या सगळ्या वेळात म्हातारीचा गुडघ्यावरचा हात एकदाही चुकला नाही. सम आली की बरोबर पडत होता.

कार्यक्रम संपला. कडूबाईला राहवलं नाही. "पर मास्तर, तुमी तर हितं सरजाबाईकडं..."

"मीच सांगितलं त्याला," सरजाबाई म्हणाली, चांगली खणखणीत. "मी मनलं, रेडिओवर मोठ्या माणसाचं नाव घे बाबा. माझं कशाला? मला आता कुठं गायला जायचंय? सुलाबाई, चहा टाक की. का रेडिओबरुबर चूल बी बंद केलीस?"

बायका हसल्या, उठल्या, पांगल्या. त्यांचा विश्वास बसला. खोटंसुद्धा तिनं सुरात सांगितलं होतं. नागनाथनं तिच्या पायाशी डोकं टेकलं आणि ते वर उचलायचं धाडस त्याला होईना. तिनं रागावावं, हाकलून द्यावं, हाताला लागेल ते फेकून मारावं, काहीही चाललं असतं.

"माय, मी लाजलो," तो पायाशीच बोलला. "तुझ्या नावाला लाजलो."

"समजलं मला. मी बी तरणी होते तवा लाजले हाय." मग विचारलं, "नाव घेताना कानाला हात लावलास?"

त्याला वाटलं होतं ती काहीही विचारेल, हे सोडून. "लावला," तो म्हणाला.

"मग झालं तर. ते तरी माझंच शिकवणं." आणि मग तोंड फिरवून म्हणाली, "ऊठ. गाडी चुकंल तुझी."

दर खेपेला निघताना ती त्याला एक तान वाजवून दाखवायला लावायची. त्या दिवशी क्लॅरोनेटची पेटी उघड म्हणाली नाही.

पुढं तो जातच राहिला. तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही, तानही पुन्हा ऐकायला लागली. पण 'हं' काही पुन्हा मिळाला नाही. ती टेप बदलून घ्यावी म्हणून नागनाथ दोनदा रेडिओच्या फाटकापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा परतला. का बदलायची ते सांगावं लागलं असतं. मग त्यानं आपल्यापुरता एक दंड लावून घेतला. जिथं तिथं तिचं नाव घ्यायचं, कुणी विचारो वा न विचारो. वरातीत, उरुसात, भजनात, तो कानाला हात लावून सरजाबाईचं नाव घ्यायचा. लोक म्हणायचे, कोण सरजाबाई? आणि पुन्हा फर्माईश करायचे. जिथं ते नाव टिकलं असतं, तिथं घेतलं नव्हतं. जिथं हवेत विरणार, तिथं ओरडून काय उपयोग?

अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात बोरीला एक लग्न होतं. सरजाबाई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. वरात देवळापाशी थांबली, तेवढ्यात नागनाथ लाल कोटाची बटणं सोडून सितारामच्या हॉटेलात चहा घ्यायला उभा राहिला. फळीवर रेडिओ चालू होता. यमन होता. दोन सुरांत त्यानं ओळखलं, आपलीच ती टेप पुन्हा लावली होती, पण पाय निघेना. मग भगवानरावांनी विचारलं, आणि एका तरण्या, गुळगुळीत आवाजानं उत्तर दिलं. तेच नाव, तोच आदर.

सितारामनं कान दिला. फडकं खांद्यावर टाकून तो लाल कोटाकडं निरखून बघू लागला.

"मास्तर, नागनाथ साळवे मनले. तुमीच की वो हे! लय मोठ्या मानसाचे चेले हाव राव. आन् आमाला पत्ताच न्हाई!"

नागनाथनं कप खाली ठेवला. बाहेर ढोलवाला त्याला हाका मारत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "नाव सारखं हाय, एवढंच. तो दुसरा कोणी. मी गंगाखेडच्या सरजाबाईचा."

त्यानं चहाचा ओला हात कानाच्या पाळीला लावला, कोटाची बटणं घातली आणि वरातीपुढं जाऊन उभा राहिला.