तिसरा पट्टा

यिनहुआच्या डाव्या हातावर आतल्या बाजूने, जिथे ऊन लागत नाही, तिथे चार पट्टे होते. हिरव्या अक्रोडाच्या सालीचा रस एकदा लावला की पिवळट डाग पडे, दोनदा लावला की चहाचा. तीनदा लावून काही तास थांबलं की थेट तिच्या नवऱ्याच्या गालाचा रंग येई. चौथा पट्टा फार काळा पडला होता.

"हा तिसरा बघा," ती म्हणाली. "उन्हात रापल्यासारखा. ताज्या भादरलेल्या कपाळाला लावला तर कोणी ओळखणार नाही."

तिचा नवरा आनफू न्हावी होता, पण तीन वर्षं त्याचा वस्तरा चुलीच्या राखेत पुरलेला होता. गाव बंडवाल्यांकडे गेल्यापासून कपाळ भादरून घेणाऱ्याचं ते डोकं उडवत. भादरलेलं कपाळ ही बादशहाच्या माणसाची खूण, म्हणून बादशाही फौज न भादरलेल्याचं उडवी. तीच फौज आता कालव्यापलीकडे आली होती आणि तोफांनी कौलं थरथरत होती.

"आणखी एक दिवस बघू."

"नऊ दिवस हेच ऐकतेय मी."

"मागच्या वेळी गल्ली या बादशाही शिपायांनीच पेटवली, यिनहुआ. आपली पोर, लिंग्यून, आत होती. आणि मी त्यांच्यासाठी कपाळ भादरून घेऊ?"

तेवढ्यात पुलावर आरडाओरडा झाला. दोघं खिडकीशी गेली. बंडवाल्यांनी शेजारच्या टोफूवाल्या माओला धरलं होतं. पहाटे कोणाकडून तरी भादरून घेऊन तो टोपी घालून निघाला होता. परवाच यिनहुआने त्याला रस देऊ केला होता. "डोक्याचं लोणचं घालता की काय, वहिनी?" म्हणून तो हसला होता.

टोपी उडाली. रापलेल्या तोंडावर कपाळ टोफूसारखं पांढरं होतं.

"काल ताप होता, म्हणून भादरलं..." एवढंच माओ बोलला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मानेत अडकला. तिसऱ्याला डोकं सुटलं. त्यांनी ते वेणीने कठड्याला बांधलं. रक्त खालच्या बदकांवर ठिबकू लागलं.

माघारी वळून बंडवाल्यांनी पुलाच्या फळ्या उखडल्या आणि ते दक्षिण वेशीकडे पळाले. पलीकडच्या काठावर शिपाई आले. तिथला म्हातारा नावाडी गुडघे टेकून ओरडत होता, "मी तुमचाच, साहेब, तुमचाच!" शिपायाने त्याचे कपाळावरचे लांब केस मुठीत धरले, मान मागे खेचली आणि गळा चिरला. मग सावकाश दोन्ही कान कापून कमरेच्या दोरीत ओवले.

"तराफे बांधतायत," यिनहुआ म्हणाली. "संध्याकाळपर्यंत इकडे येतील. नुसतं भादरलेलं पांढरं कपाळ दिसलं की हा कालपर्यंत बंडवाल्यांचा होता, हेही त्यांना कळतं. रंग चढायला वेळ लागतो, तो आत्ता आहे. मग नाही."

आनफू खिडकीपासून हलला नाही.

"लिंग्यून माझीही होती," ती म्हणाली. "तिला राखेतून मी वेचलं. तुमचं डोकं कठड्यावरून सोडवायला मी जाणार नाही. माझ्याने होणार नाही."

त्याने पुलाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः त्यावर बसला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबले.

"राखेतून वस्तरा काढ," तो म्हणाला. "भादर मला."