झोपून आखलेला चेहरा

अठ्ठेचाळीस किलो गेले तेव्हा मला वाटलं होतं, कातडीही त्यांच्याबरोबर जाईल. ती बरी मागे राहिली! पोटावरची कपड्याखाली झाकता येते. चेहऱ्याला काय घालणार? गाल ओघळले, तोंडाच्या दोन्ही बाजूंना घड्या पडल्या. माझ्या शिवणाच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माप द्यायच्या आधी विचारू लागलं, "काय हो, बरं नाही का?" दीड वर्षापूर्वी वजन उतरवायला पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली, साखर ताब्यात आली, दोन जिने न थांबता चढते, आणि लोक मला आजारी ठरवून मोकळे.

लोकांचं एक वेळ सोसलं असतं. दादाचं सोसवेना. दादा माझा थोरला भाऊ. वजन एकशे छत्तीस, झोपेत श्वास अडकतो, आणि हीच शस्त्रक्रिया त्यालाही सांगितलेली. "आधी तू करून घे गुंडे, मग मी," असं आमचं ठरलं होतं. मी करून घेतली आणि हा पठ्ठ्या अडून बसला. रोज संध्याकाळी दुकानात यायचा, माझ्या मशीनसमोर बसायचा, आणि मी विषय काढला की म्हणायचा, "तुझ्या तोंडाकडे बघवत नाही आणि मला कसली शस्त्रक्रिया सांगतेस?" पालथ्या घड्यावर पाणी. जिना चढून आला की पाच मिनिटं त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. असाच एक दिवस झोपेत जाईल, ही धास्ती मला लागली होती. म्हटलं, आता तोंडच दुरुस्त करते, मग बघू कुठली सबब आणतो.

आणि खरं सांगायचं तर मलाही हवं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगाला बसेल असं शिवलं, सैल झालेलं आत घेऊन दिलं. स्वतःसाठी कधी टाचणी लावली नव्हती.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जायच्या सकाळी मी दुकानात लवकर गेले आणि कापड कापायच्या टेबलावर उताणी झोपले. एका हातात आरसा, दुसऱ्यात खडू. टेबलावर सपाट पसरल्याशिवाय मी आजवर कशावर खूण केलेली नाही. खडू कातडीवर उठेना, म्हणून डोळ्यांची पेन्सिल घेतली. आरशात बघते तर घड्या जवळजवळ नाहीतच. अरे, एवढंच होय! जिथे घडीचा माग दिसला तिथे दोन्हीकडे एकेक नेटकी रेघ मारली, तोंडाला रुमाल बांधला आणि निघाले.

"हे काय?" बाईंनी रुमाल काढल्यावर विचारलं.

"खुणा. तुमचं काम वाचावं म्हणून."

"झोपून केल्यात?"

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी आरसा हातात दिला. घड्या होत्या तिथेच होत्या, आणि माझ्या रेघा त्यांना सोडून खाली जबड्याकडे घसरलेल्या. "आडवं झालं की कातडी कानांकडे जाते," बाई म्हणाल्या, "सगळेच दहा वर्षांनी लहान दिसतात. पण तुम्ही दुकानात आडव्या होऊन माप घेत नाही ना?" हात दाखवून अवलक्षण! ट्रायल उभ्यानेच घ्यायची, हे मी शिकायला येणाऱ्या पोरींना ओरडून सांगते. मला इतकं हसू आलं की बाई म्हणाल्या, "तशाच हसत राहा," आणि हसण्याच्या रेघा त्यांनी मोजून घेतल्या.

मग मी त्यांना प्रश्नांनी भंडावलं. गालांत भरायची सुई किती बारीक? धागा नाहीच? आत भरलेलं चालताना सरकत नाही? वजन सहा महिने एका जागी टिकल्याशिवाय हे का करत नाहीत? शेवटचं मलाच समजलं. अंग कमी होत असताना कोट आत घ्यायचा नसतो. बाई हसून उत्तरं देत होत्या, मध्येच टोचत होत्या. दुखलं, पण पुढे काय करतात ते बघायच्या नादात ओरडायचं राहून गेलं.

आठवड्याने सूज उतरली. गाल भरले होते, घड्या निम्म्याने उथळ झाल्या होत्या. संध्याकाळी दादा आला, धापा टाकत बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी वाट बघत होते.

"गेली," तो म्हणाला.

"सगळी नाही गेली. थोडी राहू द्यायची असते, नाहीतर—"

"आई गेली."

मशीनवरचा माझा पाय थांबला.

"वारली त्या वर्षी ती अशीच वाळली होती," दादा म्हणाला. "तू लांब होतीस. मी भरवायचो तिला. तुझ्या तोंडावर ती दिसायला लागली. बघवायचं नाही, वाटायचं मीपण तसाच वाळणार. पण तिला बघितल्याशिवाय घरी बसवायचंही नाही. म्हणून यायचो."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "मेल्या, आधी बोलायचंस की!"

त्याने बोटाने माझा गाल हळूच दाबून पाहिला. "आत काय भरलंय?"

"जेल असतं कसलंसं."

"टिकतं किती?"

"वर्ष, दीड वर्ष. मग विरघळतं आपोआप."

"आणि मग?"

"मग काय, जैसे थे."

दादाने गालावरचं बोट काढून घेतलं. श्वासाची घरघर चालूच होती.

"तुझ्या डॉक्टरांची वेळ घे," तो म्हणाला.

"सुरकुत्यांच्या?"

"पोटाच्या गं. दीड वर्षानं आई येणार म्हणतेस, तर मी असायला हवा ना."