सवलतीतली पहिली रांग

वर्गात त्याला सगळे फुकट्या म्हणायचे आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. पूर्ण पैसे मोजून नाटक बघणं हा त्याच्या मते विद्यार्थिदशेचा अपमान होता. रंगीत तालमीला समोर माणसं हवी असतात, तेव्हा आधीच फोन करून ठेवायचा. गर्दीच्या प्रयोगाला दारावर उभं राहून लोकांना खुर्च्या दाखवायच्या, मग मागच्या भिंतीला टेकून नाटक आपलंच. आणि काहीच जमलं नाही, तर प्रयोगाच्या थोडं आधी ओळखपत्र घेऊन तिकीट खिडकीवर जायचं. उरलेल्या जागा विद्यार्थ्यांना अगदी नावापुरत्या दरात मिळतात.

त्याच वर्गातल्या खारूला यातलं काही कधी लागलं नव्हतं. तिचे बाबा नट होते. खारू हे नावही त्यांनीच पाडलेलं. लहानपणी ती जेवताना खारीसारखे घास गालात साठवून बसायची. बाबांचं नवं नाटक आलं की पहिल्या प्रयोगाचे पास न मागता घरी यायचे.

या वेळी आले नाहीत. "पास संपले गं," बाबा म्हणाले. "सगळे पाहुण्यांना गेले. पुढच्या प्रयोगाला बघू." पुढच्या प्रयोगालाही ते तेच म्हणाले.

आणखी एक गोष्ट बदलली होती. एरवी संहिता तिच्या हातात देऊन ते खोलीत येरझाऱ्या घालत पाठांतर करायचे. बाकीची सगळी पात्रं खारूची. सासू, पोलीस, आजारी काका, सगळे ती वेगवेगळ्या आवाजांत वाचायची आणि मध्येच दोघं हसत सुटायचे. या वेळी ते दार लावून घ्यायचे. दारामागून एकच लांबलचक भाषण ऐकू यायचं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. ऐकून ऐकून ते खारूलाच पाठ झालं. या वयातही बाबा किती जीव ओतून काम करतात, असं वाटून तिला उलट बरं वाटलं होतं.

"आई, मी तिकीट काढूनच जाते," ती एकदा म्हणाली.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर पाहिलं नाही. "त्यांना नकोय ना, मग राहू दे की."

"पण का नको?"

"प्रत्येक गोष्टीला का असतंच असं नाही."

खारूने शेवटी फुकट्याला गाठलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. "नटाची मुलगी माझ्याकडे तिकिटं मागतेय. आता मी डोळे मिटायला मोकळा."

दुपारचा प्रयोग होता. खिडकीपुढे कॉलेजची बरीच मुलं उभी होती. आतल्या बाईंनी खारूचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि तिकीट सरकवलं. "पहिली रांग आहे, कडेला. मान वाकडी होईल, पण दिसेल."

"पहिली रांग उरते कशी?" खारूने विचारलं.

"आजकाल उरते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या मुलाकडे हात केला.

आत गेल्यावर खारूला कळलं की पहिलीच काय, मधल्या रांगाही अर्ध्या रिकाम्या होत्या. पाहुण्यांना गेलेले पास कुठे दिसत नव्हते. ती खुर्चीत खाली सरकून बसली. बाबांना दिसायचं नाही, नाटक संपल्यावर आत जाऊन चकित करायचं, असं तिने ठरवलं होतं.

नाटक एका म्हाताऱ्या डॉक्टरचं होतं. छोट्या गावातला दवाखाना सोडून त्याने मुलाकडे जावं असं सगळ्यांना वाटतं, आणि तो जात नाही. बाबा आले तेव्हा टाळ्या पडल्या. पांढरी दाढी, सैल कोट, हातात पिशवी. शेजारी बसलेला फुकट्या तिच्या कानाशी कुजबुजला, "काय एन्ट्री आहे यार." खारूचा ऊर भरून आला.

सुरुवातीचा काही वेळ ठीक गेला. मग तिच्या लक्षात आलं की प्रश्न आधी आणि उत्तर मागून असं न होता, नवी डॉक्टरीण झालेली नटी प्रश्नातच उत्तर सांगून टाकतेय. "तुम्ही म्हणाल, मी इथेच बरा आहे. हो ना?" आणि बाबा म्हणतात, "हो. मी इथेच बरा आहे." टेबलावरच्या औषधांच्या बाटल्यांकडे ते सारखे वाकून बघत होते. पहिल्या रांगेतून बाटल्यांवरची अक्षरं दिसत होती. औषधांची नावं नव्हती ती. वाक्यं होती.

मग ते भाषण आलं. बाबा टेबलापासून दूर, अगदी रंगमंचाच्या कडेला आले.

"मी या गावात आलो, तेव्हा दवाखान्याला दार नव्हतं," ते म्हणाले आणि थांबले.

छान थांबले होते. प्रेक्षक शांत झाले. मग ते थांबणं लांबलं. बाबांनी मागे टेबलाकडे पाहिलं, पण आता ते फार लांब होतं. खारूचे ओठ आपोआप हलले. दार नव्हतं म्हणून कुणी ठोठावलं नाही. सरळ आत आले. तिला हे इतकं पाठ होतं की मागचा पुढचा श्वाससुद्धा माहीत होता.

बाबांची नजर पहिल्या रांगेवरून फिरली आणि तिच्यावर येऊन थांबली. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. घरातला चेहरा.

"खारू," ते म्हणाले, "पुढे काय गं?"

प्रेक्षक हसले. त्यांना ते नाटकातलंच वाटलं. खारू म्हणाली, "म्हणून कुणी ठोठावलं नाही."

"म्हणून कुणी ठोठावलं नाही," बाबा समाधानाने म्हणाले. "सरळ आत आले. भिजलेले, रक्ताळलेले, लेकरं खांद्यावर घेऊन." आवाज चढत गेला, अगदी पूर्वीसारखा. खारूने श्वास सोडला. आणि मग ते म्हणाले, "मी या गावात आलो, तेव्हा दवाखान्याला दार नव्हतं."

पुन्हा थांबले. पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

तिने पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तिथपर्यंत गेले आणि वळून दाराशीच आले. आता कुणी हसत नव्हतं. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. खारूला पुढचं सगळं येत होतं, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. सांगितलं तरी तेच, गप्प बसलं तरी तेच. बाबा हसऱ्या डोळ्यांनी तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

नटीने पुढे येऊन त्यांचा दंड धरला. "बसा डॉक्टर. दमलात तुम्ही." ती विंगेकडे बघत होती, पण पडदा काही पडेना. तेव्हा फुकट्या उठला आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागला. सवलतीतली सगळी रांग त्याच्या मागोमाग उठली. बाबांनी सवयीने मान लववली, आणि पडदा पडला.

आत मेकअपच्या खोलीत दिग्दर्शक दाराशीच उभा होता. वर्षानुवर्षांचा बाबांचा मित्र. "मी रोज म्हणत होतो, आज होईल नीट," तो खारूला म्हणाला. "तुझ्या आईला मी सांगितलं होतं." एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं.

बाबा आरशासमोर बसले होते. अर्धी दाढी निघाली होती, अर्धी तशीच. आता त्यांना सगळं आठवत होतं; तेच वाईट होतं.

"तुला कुणी सांगितलं होतं यायला?" ते म्हणाले.

"बाबा..."

"म्हणूनच पास दिले नव्हते. एवढंही कळत नाही तुला?"  खारूने कापूस तेलात बुडवला आणि त्यांच्या गालावरचा डिंक पुसायला घेतला. त्यांनी तिला पुसू दिलं.

त्यानंतर खऱ्या डॉक्टरांकडे जाणं झालं. तपासण्या झाल्या. आजाराला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या. या गोळ्यांनी गेलेलं परत येत नाही, फक्त जाण्याचा वेग कमी होतो, कदाचित, असं सांगण्यात आलं. दिग्दर्शक घरी आला आणि बाबांच्या समोर बसून, त्यांचे हात हातात घेऊन, भूमिका दुसऱ्या नटाला दिल्याचं सांगून गेला. बाबा शहाण्यासारखे म्हणाले, "बरोबर केलंस."

एके दिवशी सकाळी खारू उठली तेव्हा बाबा शर्टाला इस्त्री करत होते.

"कुठे निघालात?"

"तालमीला. उशीर झालाय."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "तू सांग," आई हळूच म्हणाली. "मी काल सांगितलं. परवाही सांगितलं. दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळतं गं. तो चेहरा मला आता बघवत नाही."

खारूने तोंड उघडलं. बाबा कॉलर नीट करत होते, गुणगुणत होते. तिच्याच्याने बोलवेना. तिने पायांत चपला सरकवल्या.

जिन्यात बाबांनी विचारलं, "तुला आज कॉलेज नाही?"

"नाही," ती म्हणाली, आणि पुढे होऊन तिने त्यांच्यासाठी रस्त्याकडचं दार उघडून धरलं.